बाबांचा इराणी आणि कागदाचा कप

चौदा एप्रिल म्हणजे आमच्या घरचा सर्वांत मोठा सण. लहानपणी त्या दिवसाचा कार्यक्रम ठरलेला असे. सकाळी नवे कपडे घालून चैत्यभूमीवर वंदन, तिथून पायी गिरणगावात परत आणि मग कोपऱ्यावरच्या इराण्याच्या हॉटेलात सर्वांना बनमस्का, ऑम्लेट-पाव आणि चहा. १९८२ च्या संपात बाबांची गिरणीतली नोकरी गेली. पुढे ते वॉचमन झाले. पगार तुटपुंजा, पण वर्षातून एकदा इराण्याकडे जाणे त्यांनी कधी चुकवले नाही.

आम्हा मुलांना बनमस्क्याचे आकर्षण. बाबांना मात्र त्या हॉटेलाचे कौतुक वेगळ्याच कारणासाठी होते, हे मला फार उशिरा कळले.

मुंबईतली ही हॉटेले इराणच्या यझ्द आणि करमान भागांतून आलेल्या झरथुष्ट्री लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी काढली. धोबीतलावचे कयानी १९०४ सालचे. इतर दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानून सोडत, ती इराण्यांनी घेतली असे सांगतात. एकाच्या अंधश्रद्धेने दुसऱ्याचा धंदा उभा राहिला! संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत बिस्किटे आणि गल्ल्यावर स्वतः मालक. गिरणी कामगार, टॅक्सीवाला, वकील सारे एकाच टेबलाला बसत.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. संविधान २६ जानेवारी १९५० ला लागू झाले. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. कलम १५ ने दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली. १९५५ च्या कायद्याने अडवणूक करणे गुन्हा ठरवला. तरी आईच्या लहानपणी, म्हणजे साठ सालानंतरही, गावच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप वळचणीला खोचलेला असे. तो आपणच काढायचा, बाहेर बसून चहा प्यायचा, आपणच धुऊन परत खोचायचा. बाबा मुंबईला आले आणि पहिल्यांदा इराण्याकडे गेले, तेव्हा पोऱ्याने सर्वांसारखाच कप आणि बशी त्यांच्यापुढे ठेवली. कोणी जात विचारली नाही. बाबा म्हणायचे, “त्या दिवशी चहा थंड झाला, तरी मी नुसता कपच बघत होतो.”

बाबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. आम्ही कल्याणला राहायला गेलो. गेल्या काही वर्षांत त्या बाजूला जाणे झाले नव्हते. १४ एप्रिल २०२५ ला आईच म्हणाली, “औंदा इराण्याकडं जाऊ. पोरांना त्यांच्या आजोबांचं हाटेल दावू.” आई बहात्तर वर्षांची. गुडघे दुखतात, तरी लोकलच्या गर्दीतून हौसेने आली. आई, सौ., दोन्ही मुले आणि मी असे पाचजण चैत्यभूमीवरून तिथे पोहोचलो.

पाटी नवी होती. आत थंड हवा, भिंतीवर जुन्या मुंबईचे फोटो. संगमरवरी टेबले दोनच उरली होती, तीही शोभेपुरती. आम्हाला दाराजवळ बसवले. बनमस्का आला, पण पाव कोरडा आणि मस्का नावापुरता. इथपर्यंत आम्ही हसण्यावारी नेले. मग चहा आला, कागदाच्या कपात.

आईने कप हातात घेतलाच नाही. हळूच मला म्हणाली, “आरं, आपल्यालाच का ह्यो कागदाचा?”

मी आजूबाजूला पाहिले. सगळ्याच टेबलांवर कागदाचे कप होते. मी म्हणालो, “आई, सर्वांनाच तसे दिलेत. कप धुवायला माणूस ठेवायचा खर्च वाचतो.” तिला पटले, पण तोंडावरचा रंग परत आला नाही. माझ्या मुलीने विचारले, “आजी, कपाने काय फरक पडतो?” मग तिथेच बसून आईने तिला वळचणीच्या कपाची गोष्ट सांगितली. मुलीने आपला चहा तसाच ठेवला आणि आजीचा हात धरून बसली.

बिल आले. कारकुनी डोळा असल्याने मी ते तपासले. पदार्थांचे १३१० रुपये. त्यावर दहा टक्के सेवाशुल्क १३१. आणि या दोहोंच्या बेरजेवर पाच टक्के जीएसटी! एकूण १५१३. म्हणजे न मागितलेल्या शुल्कावरही कर आम्हीच भरायचा.

मी मॅनेजरला शांतपणे सांगितले, की सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, ते देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. तो म्हणाला, “साहेब, सगळेच देतात.” मी म्हणालो, “सगळे देतात म्हणून ते सक्तीचे होत नाही.” दहा मिनिटे गेली. शेवटी बिल बदलून १३७६ रुपयांचे झाले. वाढणाऱ्या मुलाच्या हातात मी वेगळे पन्नास रुपये ठेवले. त्याचा राग नव्हताच.

वाचकहो, तुमच्यावरही असा प्रसंग आला तर भांडू नका, पण गप्पही बसू नका. बिल वाचा, शुल्क काढायला सांगा. न ऐकल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. सणाच्या दिवशी वाद कशाला, असे म्हणून आपण जे सोडून देतो, ते आपल्या घामाचे असते.

परतीच्या गाडीत मी खट्टू होतो. बाबांचे हॉटेल मुलांना दाखवायचे राहूनच गेले, असे वाटत होते. घरी आल्यावर आईने कपाटातून लग्नातले जुने कप-बशा काढल्या. चहा टाकला. शेजारच्या दोन घरांतली माणसे, जिना झाडणारी बाई आणि खालचा वॉचमन, साऱ्यांना बोलावले. सर्वांना सारखेच कप, सारखीच बशी. कप कमी पडले, म्हणून मुलीने पहिल्यांदा प्यालेले धुऊन पुन्हा भरले.

आई म्हणाली, “ह्यांचं हाटेल म्हंजी हेच की.”

पुढच्या चौदा एप्रिलचा बेत ठरला आहे. चहा घरीच. कप मात्र आणखी सहा आणायचे आहेत.