सर्किट ब्रेकर : विजेच्या तारांचा पहारेकरी

शाळा, वसतिगृहे व ग्रामपंचायत कार्यालये यांतून विजेची उपकरणे वाढत आहेत. भिंतीतील तारा मात्र बहुधा पूर्वीच्याच आहेत. तारेतून तिच्या क्षमतेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला की ती तापते. प्रवाह दीडपट झाला, तर उष्णता सव्वादोनपट होते. तारेवरील पीव्हीसीचे आवरण सामान्यतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकाव धरते. त्यापुढे ते मऊ पडते आणि अखेर आगीचे निमित्त होते. हा धोका टाळण्यासाठी सर्किट ब्रेकरची योजना केलेली असते.

दुहेरी संरक्षण

एमसीबी या नावाने परिचित असलेल्या लहान ब्रेकरमध्ये दोन यंत्रणा असतात. पहिली, दोन भिन्न धातूंची जोडपट्टी. अतिरिक्त भाराने तापल्यावर हे धातू कमीअधिक प्रसरण पावतात, पट्टी वाकते आणि खटका पडतो. दुसरी यंत्रणा विद्युत्-चुंबकाची. दोन तारा एकमेकींस चिकटून प्रवाह एकदम अनेक पटींनी वाढला, तर चुंबक खटका तत्काळ ओढतो.

एक उदाहरण

वसतिगृहातील एका परिपथावर १६ अँपिअरचा ब्रेकर आहे. पाणी तापविण्याचा २,००० वॅटचा हीटर आणि १,५०० वॅटची शेगडी मिळून २३० व्होल्टवर सुमारे १५ अँपिअर प्रवाह घेतात. तेवढ्याच क्षमतेचा आणखी एक हीटर लावला, की प्रवाह २४ अँपिअरच्या घरात जातो. खटका लगेच पडत नाही. परंतु तासाभराच्या आत तो पडलाच पाहिजे, असे प्रमाणित ब्रेकरवर बंधन आहे.

येथेच अनेकदा चूक घडते. खटका वारंवार पडतो म्हणून ३२ अँपिअरचा ब्रेकर बसविला जातो. मग खटका पडत नाही, तार मात्र तापतच राहते. फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार घालण्यासारखाच हा प्रकार होय. ब्रेकरची क्षमता उपकरणांवरून नव्हे, तर तारेच्या जाडीवरून ठरवावयाची असते. भार वाढवावयाचा असेल, तर परवानाधारक तंत्रज्ञाकडून स्वतंत्र परिपथ टाकून घेणे हाच योग्य मार्ग आहे.

एमसीबी तारेचे रक्षण करतो. विजेच्या धक्क्यापासून माणसाचे नव्हे. त्यासाठी गळतीचा प्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि सुस्थितीतील अर्थिंग आवश्यक आहे. शाळा व पंचायतींच्या इमारतींत या तिन्ही गोष्टींची तपासणी वेळोवेळी झाल्यास संभाव्य दुर्घटना टळू शकतील.