फोर्डची ‘टी’ गाडी आणि तिचे धनी

मोटारीत पेट्रोल किती उरले आहे, हे आज चालकाला समोरच्या तबकडीवर दिसते. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतील लक्षावधी मोटारमालकांना ते जाणून घेण्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावे लागे, पुढे बसलेल्या पाहुण्यांना उठवावे लागे, बैठकीची गादी उचलून टाकीचे झाकण काढावे लागे आणि आत लाकडी पट्टी बुडवून ती किती ओली झाली हे पाहावे लागे. ही गाडी म्हणजे फोर्ड कंपनीची ‘टी’ नमुन्याची मोटार. तिच्यात आणखीही पुष्कळ गैरसोयी होत्या, आणि तरीही १९०८ ते १९२७ या एकोणीस वर्षांत तिच्या दीड कोटी प्रती कारखान्यातून बाहेर पडल्या. इतक्या गैरसोयीच्या गाडीवर लोकांनी एवढा जीव का लावला, आणि एवढा जीव लावूनही पुढे त्यांनी तिच्याकडे पाठ का फिरवली? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे कंपनीच्या हिशेबवहीत जितकी सापडतात, तितकीच ती गाडी बाळगणाऱ्यांच्या अनुभवातही सापडतात.

हेन्री फोर्डचा जन्म १८६३ साली मिशिगन राज्यातील डिअरबॉर्नजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. शेतातील कष्टांचा त्याला लहानपणापासून कंटाळा होता आणि यंत्रांची ओढ होती. १८९६ साली त्याने आपली पहिली चारचाकी गाडी स्वतः जुळवली आणि १९०३ साली डेट्रॉइट शहरात फोर्ड मोटर कंपनी स्थापन झाली. कंपनीच्या नमुन्यांना इंग्रजी मुळाक्षरांची नावे देण्याची प्रथा पडली. १९०८ च्या ऑक्टोबरात बाजारात आला तो ‘टी’ हा नमुना. त्या काळी मोटार हे धनिकांचे खेळणे मानले जाई. शहराबाहेर पक्के रस्ते क्वचितच होते. पावसाळी दिवसांत गावरस्त्यांवर चिखल माजे, आणि विखुरलेल्या वाड्यांवर राहणारी शेतकरी कुटुंबे दिवसेंदिवस जगापासून तुटून राहत. फोर्डने गाडी बांधली ती याच रस्त्यांसाठी. तिचा सांगाडा जमिनीपासून उंच होता. व्हॅनेडियम मिसळलेल्या पोलादामुळे ती वजनाने हलकी, पण चिवट होती. चार सिलिंडरांचे वीस अश्वशक्तीचे इंजिन तिला ताशी चाळीस मैलांच्या आसपास वेग देई. प्रारंभी तिची किंमत ८२५ डॉलरांपासून पुढे होती. ही रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरच होती.

ती रक्कम आवाक्यात आणण्यासाठी फोर्ड आणि त्याचे सहकारी यांनी कारखान्याची पद्धतच पालटून टाकली. पूर्वी गाडी एका जागी उभी असे आणि कारागीर तिच्याभोवती फिरत. १९१३ साली हायलंड पार्क येथील कारखान्यात गाडीचा सांगाडा कामगारांच्या पुढून सरकू लागला आणि प्रत्येक कामगार आपल्या जागी उभा राहून एकच ठरावीक काम करू लागला. ज्या सांगाड्याच्या जुळणीला साडेबारा तासांच्या आसपास वेळ लागत असे, तो काही महिन्यांतच ९३ मिनिटांत तयार होऊ लागला. किंमत वर्षानुवर्षे उतरत गेली. १९१६ साली ती ३६० डॉलर झाली आणि १९२५ मध्ये सर्वांत साधी गाडी २६० डॉलरांना मिळू लागली.

या स्वस्ताईचे मोल प्रथम कामगाराने मोजले. दिवसभर तोच एक बोल्ट आवळण्याचे काम माणसांना सोसवेना. १९१३ साली सुमारे १४,००० माणसे कामावर टिकवण्यासाठी कंपनीला वर्षभरात ५२,००० वर माणसे नव्याने घ्यावी लागली. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने आठ तासांच्या कामाला पाच डॉलर रोज जाहीर केला; तो तेव्हाच्या मजुरीच्या दुपटीहून अधिक होता. तो मिळवण्यासाठी कामगाराची राहणी कंपनीच्या पसंतीस उतरावी लागे, आणि ती तपासायला कंपनीची माणसे घरोघर जात. तरीही पाच डॉलर रोजाने हिशेब केला, तर २६० डॉलरांची गाडी म्हणजे बावन्न दिवसांची मजुरी झाली. मोटार बनवणारा माणूस मोटारीचा धनी होऊ शकेल, ही गोष्ट तोवर कोणाच्या ध्यानीमनी नव्हती.

आता या धन्याच्या अनुभवाकडे वळावे. टी गाडीच्या तळाशी तीन पेडले होती, पण आजच्या चालकाला त्यांतील एकाचाच अर्थ लागला असता. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी मंद गतीने चाले, सोडून दिले की वेगात जाई आणि अर्धवट दाबून धरले की इंजिन चाकांपासून सुटे होई. मधले पेडल गाडी मागे नेण्यासाठी होते आणि उजवे ब्रेकसाठी. वेग कमीअधिक करण्याचा दांडा सुकाणूच्या चक्राखाली उजव्या हाताला होता, तर ठिणगीची वेळ मागेपुढे करण्याचा दांडा डाव्या हाताला. आतील पट्टे झिजून ब्रेक लागेनासा झाला, तर अनुभवी चालक गाडी मागे नेण्याचे पेडल दाबून वेग आवरत असे.

गाडी सुरू करणे हा तर एक विधीच होता. बाहेरून हँडल मारल्याखेरीज इंजिन जागे होत नसे. हँडल मारण्यापूर्वी ठिणगीचा दांडा वर सारावा लागे. तो विसरला, तर इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट मोडे. म्हणून जाणते लोक हँडल डाव्या हाताने धरावे आणि अंगठा त्याच्याभोवती वळवू नये, असे नवख्याला बजावीत. थंडीच्या सकाळी तेल गोठून घट्ट होई. मग इंजिन सुरू होताच गाडी हळूहळू पुढे सरकू लागे आणि तिच्यासमोर उभा असलेला धनीच तिच्या वाटेत सापडे. त्यावर लोकांनी तोड काढली होती: मागचे एक चाक जॅकने उचलून ठेवायचे आणि मगच हँडल मारायचे. विजेने सुरू होण्याची सोय या गाडीला १९१९ सालापासून मिळू लागली. पण तिचे दाम वेगळे मोजावे लागत, आणि काटकसरी शेतकरी आपल्या दंडावरच भिस्त ठेवी.

पेट्रोल इंजिनाकडे नेण्यासाठी पंप नव्हता. ते टाकीतून आपल्याच ओघाने खाली उतरे. खडा चढ आला आणि टाकीत पेट्रोल थोडे असले, की इंजिनाची पातळी टाकीहून वर जाई आणि गाडी अडे. अशा वेळी चालक गाडी वळवी आणि पाठमोरा चढ चढे. आपल्या गावच्या कोणत्या टेकडीला तोंड फिरवून जायचे, हे त्या त्या गावच्या मालकांना पाठ होते. रात्रीचा प्रवासही असाच मजेशीर होता. दिव्यांना वीज मिळे ती इंजिनाच्या फिरत्या चाकावरील चुंबकांपासून. गाडी वेगात असली की दिवे लखलखत. खड्ड्यांचा रस्ता आला आणि चालकाने वेग कमी केला, की नेमके गरजेच्या वेळी ते मंदावत.

या साऱ्या खोडींनी मालक जेरीस आले असतील, असे वाटेल. मौज अशी, की त्यांनीच त्याला गाडीचे अंतरंग शिकवले. टी गाडीत गूढ असे काही नव्हते. पाना, हातोडी, पक्कड आणि थोडी तार एवढ्या सामग्रीवर तिचे बहुतेक दुखणे रस्त्याच्या कडेला बरे करता येई. नांगराचा फाळ आणि कापणीयंत्राचे पाते स्वतः दुरुस्त करणाऱ्या शेतकऱ्याला ही भाषा परकी नव्हती. कारखान्यात प्रत्येक सुटा भाग अगदी एकसारखा घडवला जात असल्यामुळे एका गाडीचा भाग दुसरीला बिनघोर बसे, आणि टपालाने माल धाडणाऱ्या पेढ्यांच्या सूचिपत्रांतही तो मागवता येई. गाडीत जे नव्हते ते जोडून देण्याचा एक स्वतंत्र धंदाच उभा राहिला. पेट्रोल मोजण्याची साधने, आरसे, सामान ठेवण्याच्या जाळ्या, थंडीसाठी शेगड्या अशा असंख्य वस्तू लोक हौसेने विकत घेत आणि आपली गाडी चारचौघांहून वेगळी करीत. १९१४ पासून १९२५ पर्यंत या गाड्या केवळ काळ्या रंगात मिळत, हे ध्यानी घेतले म्हणजे या हौसेचे मर्म कळते.

शेतकऱ्याने तिला नुसती वाहन म्हणून वापरले नाही. मागचे चाक उचलून त्याला पट्टा लावला, की तीच गाडी लाकडे कापणारी करवत चालवी, पाणी उपसे, धान्य दळी. आठवड्याच्या दिवशी ती घोड्याचे काम करी आणि रविवारी घरच्यांना चर्चमध्ये नेई. सर्वांत मोठा पालट झाला तो घरातील स्त्रियांच्या आयुष्यात. बाजार, शाळा, डॉक्टर आणि माहेर ही सारी ठिकाणे एकदम जवळ आली. जॉर्जिया राज्यातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने १९१८ साली हेन्री फोर्डला पत्र लिहून कळवले, की तुमच्या गाडीने आम्हांला चिखलातून वर काढले आणि आमच्या जीवनात आनंद आणला. अशी पत्रे फोर्डकडे हजारोंनी येत. त्याच्या गाडीवरील विनोदांनाही तोटा नव्हता. ‘मला माझ्या फोर्डसह पुरा, कारण आजवर प्रत्येक खड्ड्यातून तिनेच मला बाहेर काढले आहे’ असे एक मालक सांगून ठेवतो, ही गोष्ट त्या काळी घरोघर ठाऊक होती. ज्या वस्तूची माणूस अशी थट्टा करतो, ती त्याच्या घरचीच झालेली असते.

येथवरची कथा विजयाची आहे. तथापि ज्या गाडीने मालकाला चिखलातून वर काढले, तिनेच त्याला पालटूनही टाकले. मोटारींमुळे रस्त्यांची मागणी वाढली आणि पक्के रस्ते होऊ लागले. पक्क्या रस्त्यावर उंच सांगाड्याची मातब्बरी उरली नाही. वेग, सुखद बैठक आणि पावसापासून आडोसा देणारी बंदिस्त गाडी लोकांना हवीशी झाली. ज्याने एकदा टी गाडी वापरली होती, त्याला दुसरी गाडी घेताना टीपेक्षा काही सरस हवे होते. आल्फ्रेड स्लोन यांच्या नेतृत्वाखालील जनरल मोटर्स कंपनीने हे ओळखले. तिची शेव्हरोले गाडी थोडी महाग होती, पण तीत सोयी अधिक होत्या. वर्षागणिक नवे रूप, निरनिराळे रंग आणि १९१९ पासून हप्त्याने गाडी घेण्याची सोय यांनी गिऱ्हाईक तिकडे ओढले. फोर्डला कर्जाचा तिटकारा होता. त्याने १९२३ साली जी योजना काढली, तीत गिऱ्हाइकाने आठवड्याला पाच डॉलर साठवायचे आणि पुरी किंमत जमल्यावर गाडी न्यायची असे ठरले. शेजाऱ्याच्या दारात हप्त्याची गाडी उभी असताना इतका धीर फार थोड्यांना धरवला.

कंपनीतील माणसांना धोका दिसत होता. हेन्रीचा मुलगा एडसेल गाडीत सुधारणा सुचवीत होता. त्याचा मेहुणा अर्नेस्ट कांझलर कंपनीत मोठ्या अधिकाराच्या जागी होता. त्याने जानेवारी १९२६ मध्ये टी गाडीचा काळ संपत आल्याचे सविस्तर लेखी कळवले. त्याच वर्षी त्याला कंपनी सोडावी लागली. हजारो शेतकऱ्यांची पत्रे ज्याच्याकडे येत होती, त्या फोर्डला बाजाराने पाठवलेले हे पत्र मात्र वाचवेना. एकेकाळी देशात विकल्या जाणाऱ्या मोटारींतील अर्ध्याहून अधिक त्याच्या असत. १९२६ मध्ये हा वाटा एकतृतीयांशाच्या आसपास येऊन ठेपला. अखेर २६ मे १९२७ रोजी दीड कोटीवी टी गाडी पितापुत्रांनी कारखान्यातून बाहेर काढली आणि तिचे उत्पादन थांबले. पुढचा ‘ए’ नमुना डिसेंबरात लोकांपुढे आला. मधल्या महिन्यांत कारखाने बंद राहिले आणि हजारो कामगारांना घरी बसावे लागले. चूक मालकाच्या हट्टाची होती; तिचा भार मात्र याही वेळी प्रथम कामगारावर पडला.

फोर्डचे नाव याने बुडाले नाही. १९३२ साली आठ सिलिंडरांचे स्वस्त इंजिन आणि १९६४ साली मस्टँग गाडी काढून कंपनीने पुन्हा बाजार जिंकला. भारतातही १९२६ साली कॅनडातील फोर्ड कंपनीची शाखा स्थापन झाली आणि मुंबईत गाड्यांची जुळणी होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आल्यावर ते काम १९५० नंतरच्या दशकात थांबले. १९९५ साली कंपनी परतली, चेन्नईजवळ आणि पुढे गुजरातेत साणंद येथे तिने कारखाने उभारले. पण सप्टेंबर २०२१ मध्ये येथील गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे तिने जाहीर केले. गिऱ्हाइकाचे मन जाणण्याची परीक्षा प्रत्येक देशात आणि प्रत्येक पिढीत नव्याने द्यावी लागते.

आणि टी गाडी? उत्पादन थांबले त्या वर्षी अमेरिकेच्या रस्त्यांवर तिच्या एक कोटीहून अधिक प्रती धावत होत्या. त्यांच्यासाठी नवी इंजिने कंपनी १९४१ पर्यंत बनवीत राहिली. तिचा विक्रीचा विक्रम १९७२ साली फोक्सवॅगनच्या ‘बीटल’ने मोडला. हौशी मंडळी आजही त्या गाड्या चालत्या ठेवतात, आणि शंभरी ओलांडलेली एखादी टी डाव्या हाताच्या हँडलाला ओ देऊन धडधडू लागते. आजची मोटार तिच्याहून हजारपट सुखाची आहे. ती कोणाचे मनगट मोडीत नाही, चढावर पाठ फिरवायला लावीत नाही. मात्र ती रस्त्यात बंद पडली, की तिचा धनी तिच्याकडे परक्यासारखा पाहत उभा राहतो आणि दूरध्वनी करून जाणत्याला बोलावतो. लाकडी पट्टी टाकीत बुडवणाऱ्या शेतकऱ्याला गाडीने पुष्कळ राबवले खरे. पण ती कशाने चालते आणि कशाने थांबते, हे त्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागत नव्हते.