मशीनने नशा सुटते का हो ताई?

"डोक्याला मशीन लावलं की नशा सुटते म्हणे. मंगळसूत्र मोडू का?" आमच्या बचत गटातल्या एकीने विचारलं. नवरा गर्दच्या आहारी गेलेला. गर्द म्हणजे अशुद्ध हेरॉईन, अफूच्याच घराण्यातलं. आपल्याकडे काय, हे शहरांतलं, असं समजू नका मैत्रिणींनो. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या 'एम्स'च्या पाहणीत देशात अफूजन्य पदार्थ घेणारे सव्वादोन कोटींच्या आसपास निघाले.

मशीन खोटं नाही. शेफिल्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये ते दाखवलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरतात, त्यातून चुंबकीय ठोके देतात आणि मेंदूच्या तेवढ्या भागात किंचित वीज उमटते. चीरफाड नाही, भूल नाही. माणूस खुर्चीत जागा बसून टकटक ऐकत असतो. (सिनेमात दाखवतात तो 'शॉक' हा नव्हे.) कपाळामागचा मेंदू मोह आवरतो, नशेने तो दुबळा पडतो, त्याला हलवून जागं करायचं, अशी ही कल्पना. अमेरिकेत नैराश्यासाठी २००८ मध्ये आणि सिगारेट सोडवायला २०२० मध्ये त्याला परवानगी मिळाली.

गर्दसाठी मात्र नाही. काही अभ्यासांत तलफ कमी झाली, पण ते मोजक्या रुग्णांवरचे. म्हणून तिला म्हटलं, मंगळसूत्र गळ्यातच असू दे.

खात्रीचं औषध आहेच. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, कधी वर्षानुवर्षं. "एक नशा सोडून दुसरी लावली," म्हणत घरचेच ती बंद करतात, याचा मला राग येतो. बीपीची गोळी आपण अशी थांबवतो का? केंद्रातून परतलेल्याच्या शरीराची सवय मोडलेली असते. त्याने चुकून जुनीच मात्रा घेतली, तर श्वास बंद पडून जीव जातो. घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे फार जपायचे ते यासाठी.

आणि औषधाइतकीच माणसांची सोबत लागते. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पुण्यात १९८६ मध्ये 'मुक्तांगण' काढलं, तेही गर्दचीच लाट पाहून.

तरीही कुणी मशीन सुचवलंच, तर मानसोपचारतज्ज्ञ आहेत ना, हे आधी बघा. डोक्यात धातूची पट्टी किंवा पूर्वी फिट आली असेल, तर आवर्जून सांगा. प्रयोग चालू असेल, तर त्यात भाग घेण्याचे पैसे रुग्णाने भरायचे नसतात. चौकशीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.