साकुराच्या गावी डबा सोबत

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आम्ही उभयता क्योतोत होतो. कालव्याकाठच्या तत्त्वज्ञ-पथावर सुमारे दोन किलोमीटर साकुरा बहरला होता. सोमेई योशिनो जातीची झाडे कलमांनीच वाढविलेली. म्हणून सारी एकदम फुलतात आणि आठवड्याभरात गळू लागतात. शोभा अवर्णनीय, यात शंका नाही.

परंतु जैन प्रवाशाचा खरा प्रश्न भोजनाचा. तेथे भाजीच्या रश्श्यातही बहुधा ‘दाशी’, म्हणजे माशाचा अर्क असतो. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्योरी’ कांदा-लसणाविना. तरी मुळा, गोबो ही कंदमुळे त्यात असतातच. साधा भात मात्र उत्तम मिळे. त्यावर सौभाग्यवतींची डाळीची चटणी, सोबत खाकरे! सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास. तत्पूर्वी चौविहार आटोपून आम्ही निवांतपणे रोषणाईतली फुले पाहण्यास निघत असू.