स्पून : लाकडाची ढलपी ते चांदीचा चमचा

जुन्या इंग्रजीत ‘स्पोन’ म्हणजे लाकडाची ढलपी. लाकूड फोडताना किंवा तासताना जो पातळ तुकडा सुटतो, त्याला हा शब्द वापरत. खाण्यापिण्याशी त्याचा तेव्हा संबंध नव्हता. चमचा हा अर्थ पुढे, चौदाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाला. त्यामागे इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या नॉर्स भाषेचा प्रभाव मानला जातो, कारण तिच्यात या शब्दाच्या भावंडाला ढलपी आणि चमचा असे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये ‘श्पान’ म्हणजे आजही ढलपीच. ‘स्पिक अँड स्पॅन’ म्हणजे चकचकीत, नीटनेटके. त्यातला ‘स्पॅन’ही याच कुळातला आहे. नुकत्याच निघालेल्या ढलपीसारखे कोरे करकरीत, अशी ती मूळ कल्पना. लॅटिनमध्ये मात्र चमच्याचे नाव गोगलगाईच्या शंखावरून पडले, आणि फ्रेंचमधला चमचा त्या नावाचा वारस आहे.

मराठी स्वयंपाकघरात चमचा, पळी, डाव, झारा आणि उलथने यांची नावे स्वतंत्र आहेत. इंग्रजीत ‘स्पून’ला पुढे एखादा शब्द जोडून बरेच काम भागते: टीस्पून, डेझर्टस्पून, सर्व्हिंग स्पून, झाऱ्यासारखा भोकांचा स्लॉटेड स्पून. आमटी वाढायच्या खोलगट डावाला मात्र ‘लेडल’ म्हणतात आणि उलथन्याला ‘स्पॅच्युला’. हे दोन शब्द ठाऊक नसले, की इंग्रजी पाककृती वाचताना गोंधळ होतो.

लाकडाची जागा धातूने घेतली तसा चमचा ऐपतीची खूण बनला. इंग्लंडमध्ये बाळाच्या बाप्तिस्म्याला धर्ममातापित्यांनी चांदीचा चमचा देण्याची प्रथा होती. काही चमच्यांच्या टोकाला येशूच्या शिष्यांच्या छोट्या मूर्ती असत. श्रीमंत घरात जन्मलेल्याला ‘तोंडात चांदीचा चमचा घेऊन जन्मलेला’ म्हणतात, ते याच परंपरेशी जोडले जाते. राजघराण्याचा चमचा तर अभिषेकाचा. बाराव्या शतकातला, सोन्याचा मुलामा दिलेला हा चांदीचा चमचा राज्याभिषेकात पवित्र तेलासाठी वापरतात. १६४९ मध्ये राजेशाही बरखास्त झाल्यावर राजचिन्हे वितळवली गेली. हा चमचा एका माणसाने विकत घेतला, म्हणून तो वाचला. २०२३ मध्ये तिसऱ्या चार्ल्सच्या अभिषेकालाही तोच होता.

चांदीच्या चमच्याने जन्माचे भाग्य सांगितले. शेवटचा क्रमांक सांगायला इंग्रजीने लाकडाचा चमचा निवडला. ‘वूडन स्पून’ या प्रयोगाची कथा केंब्रिज विद्यापीठातली आहे. तिथल्या गणिताच्या ‘ट्रायपॉस’ परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे लागत असे. पहिल्या वर्गातल्यांना ‘रँग्लर’ म्हणत, आणि त्यांतला पहिला तो ‘सीनियर रँग्लर’. मराठी वाचकांना ही पदवी रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्यामुळे परिचयाची आहे. १८९९ मध्ये ते दुसऱ्या एका विद्यार्थ्याबरोबर संयुक्तपणे सीनियर रँग्लर झाले आणि रँग्लर हा शब्द त्यांच्या नावाला कायमचा जोडला गेला. त्याच यादीच्या अगदी तळाला, ऑनर्ससह उत्तीर्ण झालेल्यांत जो शेवटचा असे, त्याला पदवीदान समारंभात मित्रमंडळी लाकडी चमचा देत. सभागृहाच्या सज्जातून दोरीने चमचा खाली सोडला जाई. वर्षागणिक चमच्याचा आकार वाढत गेला. शेवटचा चमचा १९०९ मध्ये सेंट जॉन्स कॉलेजच्या कथबर्ट होल्टहाउस या विद्यार्थ्याला मिळाला. तो नौकानयनपटू, म्हणून चमच्याला दांडा वल्ह्याचा होता. परांजपेही याच कॉलेजचे. यादीची वरचे आणि खालचे अशी दोन्ही टोके एकाच कॉलेजने दहा वर्षांच्या अंतराने पाहिली. १९१० पासून प्रत्येक वर्गातली नावे वर्णानुक्रमे लागू लागली आणि शेवटचा कोण, हे कळेनासे झाले. प्रथा संपली, शब्दप्रयोग मात्र खेळांच्या मैदानावर टिकला. रग्बीच्या ‘सिक्स नेशन्स’ स्पर्धेत तळाला राहिलेल्या संघाला ‘वूडन स्पून’ मिळाला असे म्हणतात. आयपीएलमध्ये तळाला राहणाऱ्या संघाबद्दलही भारतीय क्रीडापत्रकार हेच लिहितात. प्रत्यक्षात कोणी कोणाला चमचा देत नाही.

‘स्पूनफीड’ करणे म्हणजे विद्यार्थ्याला सगळे आयते भरवणे. ‘ग्रीझी स्पून’ म्हणजे तळकट पदार्थांचे स्वस्त खानावळवजा हॉटेल. मराठी ‘चमचा’चा खुशामतखोर हा अर्थ मात्र इंग्रजी ‘स्पून’मध्ये अजिबात नाही, त्यामुळे ‘तो साहेबांचा स्पून आहे’ या वाक्यातून इंग्रज माणसाला काहीच कळणार नाही.

मापाच्या बाबतीत हा शब्द काळजीपूर्वक वाचावा लागतो. आज टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, डेझर्टस्पून १० आणि टेबलस्पून १५ मिलिलिटर धरतात. ऑस्ट्रेलियात टेबलस्पून २० मिलिलिटरचा असतो. पाककृतीत छोटा ‘टीएसपी’ आणि मोठा ‘टीबीएसपी’ अशी संक्षेपाक्षरे येतात. त्यांची अदलाबदल झाली, तर मीठ तिप्पट पडते. घरातले चमचे तर एकसारखे नसतातच. म्हणून औषध घेताना, विशेषतः लहान मुलांना देताना, बाटलीबरोबर मिळणारे मापाचे टोपण वापरावे आणि ‘एक चमचा’ म्हणजे किती मिलिलिटर, ते डॉक्टरांकडून विचारून घ्यावे.