भिंतीच्या आतली चित्रं

चाळीसगावच्या रेल्वे स्टेशनजवळ एक दगडी बंगला आहे. कलामहर्षी केकी मूस या बंगल्यात जवळजवळ अर्धं शतक राहिले आणि त्यांनी उंबरा क्वचितच ओलांडला. टेबलावर छोटे देखावे मांडायचे, त्यांवर नेमका उजेड पाडायचा आणि कॅमेऱ्यात अख्खा मुलूख उभा करायचा, असं त्यांचं काम चाले. १९८९ मध्ये ते गेले आणि पुढे त्या घराचं कलादालन झालं. बंद खोलीतही चित्र जन्माला येतं, हे खानदेशातल्या माणसाला म्हणूनच वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

मूस यांनी दार स्वतःच्या हातांनी आतून लावून घेतलं होतं. पण ज्यांच्या दाराला जगाने बाहेरून कडी घातली, त्यांनीही चित्रं काढली. कुष्ठरोग्यांच्या वसाहतींमधली ही चित्रकला आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही.

आधी हे रुग्ण चित्रकार नव्हते, ते चित्राचा विषय होते. नॉर्वेतल्या बर्गेन शहरात १८४७ मध्ये डॅनियलसन आणि बोक या दोन डॉक्टरांनी कुष्ठरोगावरचा सचित्र ग्रंथ काढला. त्यातली रुग्णांची चित्रं योहान लुडविग लोस्टिंग या स्थानिक चित्रकाराने काढली होती. त्याच शहरात १८७३ मध्ये हॅन्सन यांना या रोगाचा जंतू सापडला. चित्रांतले चेहरे डॉक्टरांना उपयोगी पडले. त्या चेहऱ्यांना स्वतः काय सांगायचं होतं, हे मात्र कुणी विचारलं नाही.

मुंबईतही असंच झालं. १८९० मध्ये महापालिकेचे आयुक्त हॅरी ॲकवर्थ यांनी वडाळ्याला बेघर कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभारलं. आजचं ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच. मराठी वाचकाला ॲकवर्थ हे नाव आणखी एका कारणाने माहीत असतं. शाळिग्रामांच्या जोडीने त्यांनी मराठी पोवाडे जमवले आणि छापले. शाहिरांचा आवाज त्यांच्यामुळे टिकला. वडाळ्याच्या भिंतीआड राहिलेल्या त्या पहिल्या माणसांचा आवाज असा कुणी टिपून ठेवला नाही. १८९८ चा कायदा तर रस्त्यावरच्या निराधार रुग्णाला धरून आश्रमात ठेवण्याची मुभा देणारा होता. तो पूर्ण रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं.

भिंतीची खरी गोष्ट ऐकायची तर जपानला जावं लागतं.

दक्षिण जपानमधल्या कुमामोतोजवळ किकुची केइफूएन हे आरोग्यधाम १९०९ मध्ये सुरू झालं. आरोग्यधाम हे नुसतं नाव. तिथून परत जाण्याची वाट नव्हती. १९२९ मध्ये तिथे काँक्रीटची उंच भिंत बांधली गेली. बाहेरचं जग दिसावं म्हणून रहिवाशांनी त्या भिंतीला भोक पाडलं. भिंतीचा काही भाग आजही जपून ठेवला आहे आणि ते भोकही त्यात दिसतं. एके काळी इथे सतराशेहून जास्त माणसं राहत होती. घरच्यांची बदनामी नको म्हणून अनेकांनी आत येताना आपलं नाव टाकून दुसरं घेतलं. लग्न करायचं तर नसबंदीला कबूल व्हावं लागे. मेल्यावर अस्थीही तिथल्याच अस्थिगृहात ठेवल्या जात, कारण न्यायला कुणी येत नसे.

१९५३ मध्ये इथल्या काही रहिवाशांनी चित्रमंडळ काढलं. त्याचं नाव किनयोकाई. किन म्हणजे सोनं आणि यो म्हणजे सूर्यप्रकाश. त्याच वर्षी जपान सरकारने रुग्णांना वेगळं ठेवण्याचा जुना कायदा नव्या रूपात पुन्हा मंजूर केला. कायदा भिंत पक्की करत होता आणि आत माणसं कॅनव्हास ताणत होती. खरं तर तोवर डॅप्सोनच्या जातीची औषधं आली होती, आजार आटोक्यात येत होता, माणसं बरी होत होती. बरी झालेली माणसंही आतच राहिली. त्यांच्याजवळ वेळ उरला होता आणि बोलायचं बरंच होतं.

त्यांनी आजार फारसा रंगवला नाही. गावाकडची शेतं, समुद्र, आईचा चेहरा, फुलं, आवारातली झाडं आणि मांजरं हे त्यांचे विषय. किनोशिता केसायोशी यांचं ‘एन्सोकू’ म्हणजे ‘सहल’ हे चित्र १९९६ मधलं. तेव्हा ते ऐंशी पार केलेले होते आणि चित्रात होती बालपणीची शाळेची सहल. आपल्यापैकी कुणाच्याही मनात अशी एक सहल असते आणि पुढच्या शंभर आठवणींखाली ती बुजून जाते. ज्याचं शाळेशी नातं लवकर तुटलं, त्याच्या मनात ती सात दशकं तशीच ताजी राहिली.

तेच १९९६ साल जपानमधला तो कायदा रद्द होण्याचं. ११ मे २००१ रोजी कुमामोतोच्या न्यायालयाने ही कोंडून ठेवण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली आणि भरपाईचा आदेश दिला. त्यानंतर भिंतीआतली चित्रं बाहेर पडली. कुमामोतो शहराच्या समकालीन कला संग्रहालयाने २००३ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं. आज मंडळाची आठशेहून अधिक चित्रं जपलेली आहेत. काही चित्रकारांना हयातीत जन्मगावी जाता आलं नाही, पण त्यांची चित्रं पुढे अमामी बेटासारख्या त्यांच्या मुलखात जाऊन आली.

याच अमामी बेटावर तनाका इस्सोन नावाचे चित्रकार १९५८ मध्ये आले आणि सुरुवातीला तिथल्या कुष्ठधामाच्या आवारातच राहिले. रहिवासी त्यांच्याकडे घरच्यांचे जुने, झिजलेले फोटो घेऊन येत. तनाका त्यावरून पेन्सिलीने आईवडिलांच्या, भावंडांच्या तसबिरी काढून देत. ज्यांना घरी जायची बंदी, त्यांच्या खोलीत घरच येऊन बसायचं.

हात अधू झाल्यावर ब्रश धरायचा कसा, हा प्रश्न कुणालाही पडेल. कुष्ठरोगाने बोटं गळून पडतात, हा गैरसमज आहे. जंतू नसांना इजा करतो. हाताची संवेदना जाते, बोटं वाकून नख्यांसारखी आखडतात. चटका बसला, काच घुसली तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि वर्षानुवर्षांच्या जखमांनी बोटं आखूड होत जातात. अशा हातांसाठी ब्रशच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करतात किंवा पट्ट्याने तळव्याला बांधतात. मग रेघ बोटांतून निघत नाही, ती मनगटातून आणि खांद्यातून येते. म्हणूनच अशा चित्रांत बारीक नक्षीपेक्षा मोठे, मोकळे आकार जास्त दिसतात.

भारतातलं सगळ्यांत ठळक उदाहरण तमिळनाडूत आहे. चेंगलपट्टूजवळच्या भरतपुरम या कुष्ठवसाहतीत २००५ मध्ये बिंदू आर्ट स्कूल सुरू झालं. ऑस्ट्रियाचे कलावंत वेर्नर डॉर्निक १९७७ मध्ये तरुणपणी भारतात आले, तेव्हा त्यांनी रस्त्यावरचे कुष्ठरुग्ण पाहिले होते. पद्मा वेंकटरामन या माजी राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांच्या कन्या. या वसाहतींतल्या लोकांनी भीक सोडून स्वतःच्या पायांवर उभं राहावं म्हणून त्या अनेक वर्षं काम करत होत्या. दोघांनी मिळून शाळा काढली. विद्यार्थी होते वय झालेले स्त्री-पुरुष. त्यांतल्या कितीतरी जणांनी आयुष्यात कधी पेन्सिल धरली नव्हती. त्यांची चित्रं पुढे भारतात आणि युरोपात लागली, विकली गेली.

बिंदू म्हणजे ठिपका. या रोगाची पहिली ओळखही अनेकदा अंगावरच्या एका फिकट ठिपक्याने होते. त्या ठिपक्यामुळे ज्यांना घर सोडावं लागलं, त्यांच्या शाळेला हे नाव शोभून दिसतं.

महाराष्ट्रात या माणसांच्या हाती आधी आली ती अवजारं. त्यालाही कारण आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हा खानदेशाचा अभिमानाचा ठेवा. त्याच विनोबांचे सहकारी मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरचं कुष्ठधाम सुरू केलं. पुढे अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन उभं राहिलं आणि वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांचं आनंदवन. ‘भीक नको, काम द्या’ हा या सगळ्या संस्थांचा कणा. त्यामुळे शेती, हातमाग, सुतारकाम, पत्र्याच्या पेट्या यांना मान मिळाला. आनंदवनात भेटकार्डं झाली, २००२ पासून ‘स्वरानंदवन’चा वाद्यवृंद गाजला. कष्टाने माणसाला भाकरी आणि ताठ मान दिली, हे या संस्थांचं मोठं काम आहे. पण माणसाला आपली गोष्टही सांगायची असते आणि तिला कागद व रंग लागतात.

आज हा आजार पूर्ण बरा होतो. तीन औषधांचा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. लागण कमी असेल तर सहा महिने, जास्त असेल तर बारा महिने गोळ्या घ्यायच्या. औषध सुरू होताच रोग पसरणं थांबतं. तरीही देशात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. शोधमोहिमेत आशा सेविका जळगाव-धुळ्याच्या वाड्यावस्त्यांवर, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर दारोदार जातात आणि ‘अंगावर फिकट, बधिर चट्टा आहे का’ म्हणून विचारतात. अनेक जण तो चट्टा लपवतात. ‘रक्तपिती’ हा शब्द अजून घरात हळू आवाजात उच्चारला जातो.

३० जानेवारी हा कुष्ठरोग विरोधी दिन. त्या दिवशी भिंतींवर जी चित्रं लागतात, ती चट्ट्यांची आणि वाकलेल्या बोटांची असतात. ती लागायलाच हवीत, कारण त्यामुळे आजार लवकर ओळखता येतो. पण येत्या ३० जानेवारीला जळगाव-धुळ्यातल्या शाळांनी, कलाशिक्षकांनी आणि वाचनालयांनी आणखी एक काम करावं. हा आजार होऊन गेलेल्या माणसाला मानाने बोलवावं, त्याच्या हाताला पेलेल असा जाड दांड्याचा ब्रश द्यावा आणि त्याला हवं ते काढू द्यावं. त्याची इच्छा असेल तर चित्राखाली त्याचं खरं नाव लिहावं आणि ते चित्र वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर लावावं.