ऑपेराच्या वाटेवर (लेखांक ६) : सहा गळे, एक गुपित

गेल्या आठवड्यात आपण पेर्गोलेसीची १७३३ मधली 'ला सेर्वा पाद्रोना' पाहिली. तिच्यात गाणारी पात्रं दोनच, तिसरा नोकर मुका. मालक आणि मोलकरीण यांच्या ओढाताणीला तेवढं पुरलं. दोमेनिको चिमारोझाच्या 'इल मात्रिमोनिओ सेग्रेतो', म्हणजे 'गुप्त विवाह', या ऑपेरात मात्र सहा गळे लागतात, कारण सहाही जण एकमेकांच्या वाटेत उभे आहेत.

जेरोनिमो हा बोलोन्याचा धनाढ्य व्यापारी, कानानं अधू. त्याची धाकटी लेक कारोलिना हिनं त्याच्याच कारकुनाशी, पाओलिनोशी, दोन महिन्यांपूर्वी चोरून लग्न केलंय. सासरा खूश व्हावा म्हणून पाओलिनो थोरल्या एलिझेत्तासाठी काउंट रोबिन्सोनचं स्थळ आणतो. काउंट येतो आणि त्याचं मन नेमकं धाकटीवर बसतं. त्यात मुलींची विधवा आत्या फिदाल्मा पाओलिनोवर जीव टाकून बसलेली. पाओलिनो मदत मागायला तिच्याकडे जातो, तिला ती लग्नाची मागणीच वाटते, आणि तो घेरी येऊन तिच्याच हातांत कोसळतो. तेवढ्यात कारोलिना दारात!

पहिल्या अंकातलं तिघींचं गाणं आवर्जून ऐका. आपण आता काउंटेस होणार, तेव्हा मान द्यायला शीक, असं थोरली बजावते. धाकटी वाकून नमस्कार करते, पण सूर इतका लाडिक की टोमणा बरोबर जागी लागतो. थोरली भडकते, आत्या दोघींना आवरू पाहते. मग तिघी एकदम गातात, आणि प्रत्येकीचं म्हणणं निराळं. गद्य नाटकात याचा नुसता गोंगाट झाला असता. इथे भांडण स्पष्ट कळतं आणि कानाला गोडही लागतं. आपल्या नाट्यपदात बहुतेक वेळा एक पात्र मनातलं गातं आणि कथा तेवढा वेळ थांबते. इटालियन विनोदी ऑपेरात कथा अशा गाण्यांच्या पोटातच पुढे सरकते. मत्सर रंगवायला मला हीच रीत अधिक पटते.

दुसऱ्या अंकात काउंट जेरोनिमोला गाठतो. दोन्ही आवाज खर्जातले. ठरलेलं मोडणार नाही, म्हणून जेरोनिमो गरजतो. काउंट सुचवतो : धाकटी द्या, लाख स्कूदींच्या हुंड्यातले पन्नास हजार सोडतो. म्हाताऱ्याचा पारा झरझर उतरतो. गाणं अतिशय सुंदर आहे, आणि ज्या दोन मुलींचा हा सौदा, त्यांतली एकही तिथे नाही.

७ फेब्रुवारी १७९२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरमध्ये पहिला प्रयोग झाला. मोझार्टला जाऊन दोनच महिने झाले होते. सम्राट लिओपोल्ड दुसरा इतका रंगला की त्यानं मंडळींना जेवू घातलं आणि त्याच रात्री सबंध ऑपेरा पुन्हा करायला लावला. अख्ख्या ऑपेराला वन्स मोअर! पुढच्याच महिन्यात, १ मार्चला, तो वारला.

संहिताकार बेर्तातीनं कथेचा गाभा गॅरिक आणि कोलमन यांच्या १७६६ च्या लंडनी नाटकातून घेतला. आपल्या देवलांच्या 'संशयकल्लोळ'चं मूळही त्याच काळातल्या लंडनी रंगभूमीवर, मर्फीच्या १७६१ च्या नाटकात आहे. फाल्गुनरावाचा संशय ज्यांच्या ओळखीचा आहे, त्यांना एलिझेत्ता परकी वाटणार नाही.

कारण शेवट तिच्या संशयानंच होतो. मध्यरात्री कारोलिनाच्या खोलीतून कुजबुज येते. आत काउंटच आहे, या खात्रीनं ती घर जागं करते. काउंट बाहेर येतो तो स्वतःच्या खोलीतून! मग दुसरं दार उघडतं आणि नवरा-बायको पायांवर लोळण घेतात. कारोलिनाचं भलं व्हावं म्हणून काउंट एलिझेत्ताशी लग्नाला तयार होतो. तिला हे कितपत रुचलं, याला बेर्तातीनं फारशी जागा दिलेली नाही, आणि ती उणीव मला दर वेळी खटकते. दोन बहिणींच्या मनात खोल उतरणारी ऑपेरा मोझार्टनं याच रंगमंचावर १७९० मध्ये आणली होती. त्या 'कोसी फान तुत्ते'कडे पुढच्या आठवड्यात वळू.